चौकीवरचं ताजं चीज

गुरुवारी सकाळी दुकानाच्या दारावर कागद लागला, तो वाचला आणि ओर्फेलिनाच्या हातातली पावाची पिशवी गळून खाली पडली. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर शाळेत बैठक. सीमा-तपासणी खात्याचा इतिहास लिहायला राजधानीहून, सांतियागोहून, फाबियाना नावाची मुलगी आली होती. येताना आमच्या खोऱ्यातल्या जुन्या चौकीचं रजिस्टरही घेऊन आली होती. त्यातली पानं ती वाचणार, लोकांनी आठवणी सांगायच्या, ती टेप करणार.

रजिस्टर अजून आहे? चौकी बंद झाली तेव्हा उंदरांनी खाल्लं असेल, असं ओर्फेलिना इतकी वर्षं धरून बसली होती.

"अगं ए ओर्फे, पाव मातीत लोळवून खाणारेस का?" आतून क्लोरिंदा ओरडली. क्लोरिंदा तिची मोठी बहीण, दुकान तिचंच. "बरंय बाई, वाचू देत एकदा सगळं. कोणी खाल्लं माझं घर ते कळू दे सगळ्यांना."

ओर्फेलिना हसली. हसताना पडलेला दात झाकायला हात तोंडावर जायचाच तिचा, पण आज त्या हाताने ती मातीतले पाव वेचत होती.

तशी साधी बाई. एकोणीस वर्षं त्या चौकीवर स्वयंपाक केला तिने. उन्हाळ्यात सगळ्यांच्या शेळ्या डोंगर ओलांडून पलीकडे आर्जेंटिनाच्या कुरणात जायच्या, थंडीच्या आधी परत यायच्या. येताना चौकीवर एकेक शेळी धरायची, तोंड उघडायचं, जिभेवर अंगठा फिरवायचा, खूर दाबून बघायचे. फोड दिसला की संपलं. एका वर्षी पलीकडे लाळ्या-खुरकूत पसरली आणि हुकूम आला की वर गेलेली एकही शेळी परत यायची नाही. माणसं नुसती काठ्या घेऊन खाली उतरली. बायका उंबऱ्यात बसून रडत होत्या.

आणि त्याच आठवड्यात क्लोरिंदाने तिला चीज पाठवलं. कापडात गुंडाळलेलं, पांढरंशुभ्र, अजून पाणी सुटत होतं. खेचरवाला सेफेरिनो घेऊन आला, आत काय आहे हे त्या बिचाऱ्याला माहीतही नव्हतं. क्लोरिंदाचा अख्खा कळप तर पलीकडे अडकलेला, मग दूध कुठलं? ओर्फेलिनाला क्षणात कळलं. क्लोरिंदाच्या नवऱ्याने आडवाटेने धुक्यातून शेळ्या आणल्यात आणि लपवल्यात.

ओर्फेलिनाच्या स्वतःच्या तीस शेळ्या त्या वर्षी वर गेल्याच नव्हत्या, खालीच होत्या. शेजाऱ्यांच्याही होत्या. एक फोड आला असता तर सगळं खोरं खड्ड्यात गेलं असतं. ती कोणाला काही बोलली नाही. फक्त ते चीज कापलं, बशीत लावलं आणि दुपारी चौकीच्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

साहेबांनी एक तुकडा खाल्ला. चावता चावता थांबले. "हे कोणी आणलं?"

"सेफेरिनोने," ती म्हणाली. खोटं नव्हतंच ते!

साहेबांच्या माणसांनी गाठोडं कुठून निघालं त्याचा माग काढला, आणि दोन दिवसांनी क्लोरिंदाच्या चौऱ्याऐंशी शेळ्या गोळ्या घालून चुन्याच्या खड्ड्यात टाकल्या. त्यांना रोग होता की नाही, शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही. आणि 'मी तोंडातून शब्द काढला नाही,' हे ओर्फेलिना बत्तीस वर्षं स्वतःला सांगत राहिली.

शुक्रवारी ती शाळेत गेली. फाबियाना पानांचे फोटो काढत होती.

"मुली, त्यात... खबर कोणी दिली, ते लिहिलेलं असतं का गं?"

"असतं ना, दोन्या ओर्फेलिना," थोरल्या बाईला आदराने म्हणतात तसं ती म्हणाली. "नावासकट."

"एखादं नाव काढता येतं?"

"कसं काढणार? जे लिहिलंय ते लिहिलंय. का, तुमच्या ओळखीतलं कोणी आहे का?"

"नाही गं. सहज विचारलं." आणि ती पळालीच तिथून. कोणाचं नाव आहे हे विचारायचीही हिंमत झाली नाही. शनिवारी अन्नाचा घास गेला नाही. पीठ मळायला घेतलं तर मीठच विसरली. दारावर कोणीही टकटक केलं की क्लोरिंदाच आली असं वाटायचं.

रविवारी शाळा गच्च भरली होती. सेफेरिनोसुद्धा आला होता, सत्तरी ओलांडलेला, धुतलेला शर्ट घालून. गावाने त्याच्यावरच संशय घेतला होता, त्याला भाडं देणं बंद केलं, खेचरं विकायला लावली. तो कधी बैठकीला यायचा नाही. आज मात्र पहिल्या रांगेत बसला आणि ओर्फेलिनाला म्हणाला, "आज कळेल बघ यांना. कागद खोटं बोलत नाही."

तिची मान खाली गेली.

फाबियाना वाचायला लागली. तारीख, हवामान, किती शेळ्या तपासल्या. मग ते पान आलं. "बेकायदा आणलेला कळप, चौऱ्याऐंशी शेळ्या. खबर देणारा, खेचरवाला सेफेरिनो."

सुटले! हे पहिलं आलं तिच्या मनात, आणि छातीवरचा दगड खरंच खाली उतरला. आता कोणालाही काही कळणार नाही, कधीच नाही. मग तिने सेफेरिनोकडे पाहिलं. तो अजून हसत होता, ऐकू आलेलं आत पोचलंच नव्हतं. मग हळूहळू ते हसू विझत गेलं.

"मी?" तो उभा राहत म्हणाला. "मी नाही हो..."

"बस खाली!" मागून कोणीतरी ओरडलं. क्लोरिंदा उठून उभी होती, चेहरा लालबुंद. "बत्तीस वर्षं तोंड वर करून फिरतोयस!"

बाकाला धरून ओर्फेलिना उठली. आतापेक्षा जास्त भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"त्याने फक्त गाठोडं आणलं. तू मला पाठवलेलं चीज होतं ते, क्लोरी. साहेबांच्या टेबलावर ते मी ठेवलं. मुद्दाम ठेवलं. आपल्या सगळ्यांच्या शेळ्या मरतील म्हणून घाबरले होते मी."

क्लोरिंदा तिच्याकडे बघत राहिली. मग बाकांमधून चालत पुढे आली, ओर्फेलिनाला ओलांडून गेली, आणि सेफेरिनोसमोर थांबली. "चल," ती म्हणाली, "घरापर्यंत येते तुझ्याबरोबर." दोघं बाहेर गेले. तिने मागे वळून पाहिलं नाही.

फाबियानाने टेपरेकॉर्डर तिच्यापुढे सरकवला. "दोन्या, पूर्ण नाव सांगाल? दुरुस्ती लिहायची आहे."

ओर्फेलिनाने दोन्ही आडनावं सांगितली, वडिलांचं आणि आईचं. क्लोरिंदाचीही तीच. सांगताना तिचे डोळे दाराकडे लागले होते. तिचा घरी जायचा रस्ता क्लोरिंदाच्या दुकानावरूनच जात होता.