हाताखालचं पोट

नांदूरघाटात लिंगायताच्या घरी कुणी वारलं की आधी मल्लिनाथकाकांना निरोप जातो. आमच्यात प्रेत जाळत नाहीत. मांडी घालून, पूजेला बसल्यासारखं मातीत ठेवतात. अंग ताठरायच्या आत गेलेल्याला बसतं करायचं काम काकांचं. एरवी त्यांचं किराणा दुकान आहे. साखर तोलणारे तेच हात मग एखाद्याच्या पाठीला आधार देतात, पोट आत दाबतात, कपाळाला भस्म लावतात आणि डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात.

गेल्या वर्षी बंकटअप्पा गेले. भारी देह. त्यांना खड्ड्यात टेकवताना काकांच्या बेंबीपाशी काहीतरी सटकलं आणि लिंबाएवढा फुगवटा आला. काका म्हणायचे, "अप्पानं जाता जाता बोट लावलं."

शेवटी अंबाजोगाईला एका दवाखान्यात हर्नियाचं ऑपरेशन झालं. दुपारी त्यांना खोलीत आणलं तेव्हा ते अजून गुंगीत होते. गंगासागरकाकूने त्यांच्या गळ्यातलं, ऑपरेशनपुरतं मनगटाला बांधलेलं लिंग सोडून डाव्या तळहातावर ठेवलं, कपाळाला भस्म ओढलं. देवाच्या नावाने माणूस जागा व्हावा, एवढंच तिच्या मनात.

काका जागे झाले. तळहाताकडे बघत राहिले. मग उजवा हात सावकाश पोटावर गेला. पट्टीच्या बाजूला त्यांनी दाबलं, चिमटा काढला.

"सागर, हे पोट माजं न्हाई."

"काय बोलता वं?"

"हाताला पोट लागतंय, पोटाला हात लागंना. असली पोटं मला ठावं हायत."

काकूने भस्माची डबी गुपचूप पदराखाली सरकवली.

तेवढ्यात भूल देणाऱ्या प्रणिता डॉक्टर आल्या. "दुखत नाही ना, काका? मग चला, तुम्हाला बसवू या."

काकांनी खाटेचा दांडा घट्ट धरला. "मला बसवू नका."

"दुकानात गिऱ्हाईक आलं की टुणकन उठता, अन् आता नखरे!" काकू म्हणाली. काका हसले नाहीत.

"नुसतं पडून राहिलात तर छातीत कफ धरेल, पायात रक्ताची गाठ होईल," डॉक्टर म्हणाल्या. "आज उठायलाच हवं."

"बसवत्यात कुणाला, ते मला इचारा."

तेव्हा काकूने काकांचं काम सांगितलं. डॉक्टरांनी तळहातावरचं लिंग पाहिलं, कपाळ पाहिलं आणि स्टूल ओढून बसल्या. "तुम्ही झोपेत असताना सोनोग्राफीत बघून बेंबीच्या दोन्ही बाजूंना औषध सोडलंय. पोटाच्या नसा बधिर आहेत, टाके दुखू नयेत म्हणून. कालच सांगितलं होतं मी."

"जाग्या हुतील?"

"होतील. आता झोपल्यात."

"गेलेल्याच्या घरचेबी हेच म्हणत्यात," काका म्हणाले. "झोपलेत म्हणून."

डॉक्टर संध्याकाळी बघू म्हणून उठून गेल्या. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून विझलं. पलीकडच्या खोलीत कुणीतरी कण्हत होतं आणि काका ते कान देऊन ऐकत होते. त्यांचा हात पोटावरून हलला नव्हता.

दिवेलागणीला त्यांनी दचकून श्वास आत ओढला.

"सागर! दुखतंय!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "लई दुखतंय गं!"

काकू धावत डॉक्टरांना घेऊन आली. काकांनी गोळी देणारा त्यांचा हात बाजूला सारला. "जरा थांबा. दुखू द्या." लिंग गळ्यात घातलं, कुशीवर वळले, दात आवळले आणि कुणाचाही आधार न घेता उठून बसले. मग हात पुढे करून गोळी मागितली.

पुढे शेजारच्या जानकीबाई वारल्या. जड उचलायला काकांना मनाई होती, म्हणून उचलायला गल्लीतली माणसं आणि सांगायला काका. ओसरीवर सगळे खोळंबले होते. काकांनी जानकीबाईंच्या पोटावर हात ठेवला, पण तो दाबलाच नाही.

"मल्लिनाथ, उशीर होतोय," कुणीतरी म्हणालं.

"थांबा," काका म्हणाले. "तिला माजा हात लागतोय का, बघू द्या."

 सगळे त्या हाताकडे बघत उभे राहिले.