चौदा फुटांवरचं पाणी

माझी धाकटी बहीण विहिरींची नाडी बघते. तिला सगळे खडू म्हणतात. खुद्द तिची सासू 'आमची खडू' म्हणायची, मग मी सख्खा भाऊ कशाला मागे राहतो!

नाव पडलं ते तिच्या कामावरून. सायकलच्या पिशवीत एक लांब पोलादी टेप आणि निळा खडू. टेपच्या टोकाकडच्या दोन-तीन फुटांना खडू घासायचा, टेप विहिरीत सोडायची आणि वर ओढायची. खडू जिथवर भिजून गडद झाला तिथवर पाणी. मग एक वजाबाकी, आणि जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते वहीत. एकतीस विहिरी, दर महिन्याला, गेली बावीस वर्षं. भूजल खात्याची नोकरी खरी, पण हा नाद तिला त्याआधीचाच. सहा वर्षांची असताना आईची कपडे वाळत घालायची दोरी विहिरीत सोडून बसली होती. आईनं पाठीत धपाटा घातला, तर म्हणते, "थांब ना गं, अजून तळ लागला नाही!"

मी प्रसूतीच्या दवाखान्यात पंप चालवायचो. वीस खाटा, एक विहीर, एक टाकी आणि मी. विहीर चाळीस फूट खोल. जुनी दीड एचपीची मोटर दिवसभर कुरकुरत टाकी भरायची. तिला मी 'म्हातारी' म्हणत असे. मग कुणा भल्या माणसानं पाच एचपीची नवी मोटर देणगी दिली. तो आमचा 'पैलवान'. म्हातारी गेली अडगळीत, आणि माझी छाती दोन इंच फुगली. काय तो धबधबा! मी येणाऱ्याजाणाऱ्याला बटण दाबून दाखवायचो.

आणि विहीर आटली.

म्हणजे मला तरी तसंच वाटलं. रोज सकाळी सातला पैलवान सुरू करायचा. चाळीस मिनिटांत तो पाण्याऐवजी हवा ओढू लागे. टाकी जेमतेम एक तृतीयांश भरलेली. तो बंद केला की मी दोरीला दगड बांधून विहीर मोजायचो आणि रजिस्टरात लिहायचो. सदतीस फूट. सदतीस. साडेसदतीस. अकरा महिने, एक दिवस खाडा नाही. माझं अक्षर सुंदर, त्यामुळे त्या रजिस्टरावर कुणी शंकाच घेतली नाही. ते वाचून डॉक्टरीणबाईंनी वर कळवलं, आणि हुकूम आला: पाणी नाही, महिनाअखेर दवाखाना बंद. बायकांनी तीस किलोमीटरवरच्या मोठ्या इस्पितळात जावं. वेणा सुरू झाल्यावर तीस किलोमीटर!

त्या संध्याकाळी खडू आमच्या घरी आली होती, तिला मी सांगितलं. ती तडकलीच.

"दादा, तुमची विहीर माझ्या यादीत का नाही माहितेय? तू मोजतोस म्हणून. मी म्हटलं, भाऊ आहे, नीट मोजत असेल."

"नीटच मोजतो! रोज मोजतो!"

"कधी?"

"मोटर बंद केली की लगेच. तेव्हाच तर मी विहिरीवर असतो."

खडूनं कपाळावर हात मारला. "पळत आलेल्या माणसाची नाडी मोजायची आणि म्हणायचं, याला ताप आहे! धन्य आहेस."

माझी बायको आतून म्हणाली, "वन्सं, लग्न झाल्यापासून हेच सांगतेय मी."

दुसऱ्या दिवशी पहाटे, मोटर सुरू व्हायच्या आधी, खडूनं टेप सोडली. वर ओढली. निळ्यावर गडद रेघ. तिनं वजाबाकी केली, पुन्हा टेप सोडली, पुन्हा केली. मग वही माझ्या नाकासमोर धरली. चौदा फूट! सव्वीस फूट पाणी उभं होतं, आणि मी अकरा महिने सुंदर अक्षरात त्याच्या मृत्यूचा दाखला लिहीत होतो.

डॉक्टरीणबाईंना ते पटेना. "मग टाकी का भरत नाही?"

खडूनं सिस्टरांकडून एक खोल ट्रे मागून घेतला. त्यात खडी भरली, पाणी ओतलं, मधोमध हातानं खळगा केला. "जमिनीखाली नदी नसते बाई. खडकाच्या भेगांत, वाळूच्या कणांत पाणी असं मुरलेलं असतं. विहीर म्हणजे हा खळगा. आता ओढा."

डॉक्टरीणबाईंनी मोठी सिरिंज घेऊन झटक्यात ओढलं. खळगा कोरडा, सिरिंजमध्ये हवा. आम्ही बघत उभे. हळूहळू कडेच्या खडीतून पाणी झिरपून खळगा भरला.

"आता सावकाश."

सावकाश ओढलं तर खळगा संपेचना. जेवढं निघे तेवढं कडेनं येई.

सिस्टर एकदम म्हणाल्या, "अहो बाई, शिरेचं तसंच की! रक्त घाईनं ओढलं की शीर मिटते. माणसात रक्त नसतं थोडंच!"

डॉक्टरीणबाई हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तुमची म्हातारी कुठाय?"

मी अडगळीत धावलो. धूळ पुसली, तेल घातलं, मनात माफी मागितली. सकाळी नऊला म्हातारी कुरकुरायला लागली. दर तासाला खडू टेप सोडायची आणि मोठ्यानं आकडा सांगायची. अठरा. एकवीस. बावीस. बावीस. बावीस! पाणी थबकलं होतं. जेवढं वर जात होतं तेवढंच खडकातून येत होतं. खिडक्यांत बाळंतिणी पोरं घेऊन उभ्या.

चार वाजता टाकी काठोकाठ भरली आणि वरच्या नळातून जास्तीचं पाणी धो धो खाली आलं, ते नेमकं डॉक्टरीणबाईंच्या बुटांवर. अख्ख्या दवाखान्यात टाळ्या! त्या ओल्या बुटांनिशीच कचेरीत गेल्या आणि 'पाणी आहे, दवाखाना चालू राहील' असं वर लिहून कळवलं.

"जिंकलीस गं खडू!" मी ओरडलो.

"उद्या पहाटे मोजल्याशिवाय नाही," ती टेप पुसत म्हणाली.

पहाटे तिनं टेप माझ्याच हातात दिली. मी खडू घासला, सोडली, ओढली. रेघ दोनदा वाचली.

चौदा फूट. रजिस्टरात ते मी लाल शाईनं लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलंय.