चिंध्यांचा सूट

"काढ तो सूट. आत्ताच्या आत्ता."

उडुपीकडच्या समुद्रावर, भरल्या गर्दीत, मॅडम मला हे म्हणाल्या. मराठीत म्हणाल्या. मी पाण्यात पाय भिजवून नुकती वर आले होते. अंगात मोरपंखी सूट. पोहायला, सायकलीला आणि पळायला एकच चालतो, तसला अंगाबरोबरचा. मॅडमच्या क्लबातल्या सगळ्यांच्या अंगावर तोच रंग होता. ते सगळे सूट मी शिवलेले. माझा पण मीच शिवलेला.

"आमच्या कापडातून स्वतःलाही शिवून घेतलास? कुणाला विचारलंस?"

"मॅडम, तुम्हीच तर..."

"मध्ये बोलू नकोस." मग त्या नवऱ्याकडे वळल्या आणि हसल्या. "उगाच नाही म्हणत, सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा!"

नवरा हसला. क्लबातल्या बाकीच्यांना मराठी कळत नव्हती. मॅडमनी त्यांना इंग्रजीत नीट समजावून सांगितलं, तेव्हा तेही हसले. म्हणीत सोनार आहे, कुलकर्णी सुद्धा आहे. पण वाळूवर हजर होता तो एकटा शिंपी. आणि शिंप्याची पोरगी.

मी ती म्हण पहिल्यांदाच ऐकली. आमची मराठी म्हैसूरची. घरात मराठी, दुकानात कन्नड, भांडण झालं की दोन्ही. आमच्यात असली म्हण कोण सांगणार? पण आप्पांना ती ठाऊक होती. त्यांची मान खाली गेली, त्यावरून मला कळलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. म्हैसूरच्या कुवेंपुनगरात आमचं शिवणाचं दुकान आहे. मॅडम पुण्याच्या, इथे कंपनीत मोठ्या नोकरीला आलेल्या. पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा आम्ही आपसांत बोलत होतो. "अय्या, तुम्ही मराठी?" म्हणाल्या. आप्पांना आभाळ ठेंगणं झालं. दूधवाल्याला थांबवून त्यांच्यासाठी कॉफी केली. त्या गेल्यावर मला म्हणाले, "आपली माणसं गं ही." कसली डोंबलाची आपली माणसं!

त्या पाठोपाठ क्लबाचं काम आलं. पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ एक करायचं, ट्रायथलॉन म्हणतात. त्याचे सूट. ताणलं जाणारं कापड शिवणं म्हणजे डोक्याला ताप असतो. सुई उडते, टाका सुटतो. पण जमवलं. मापं घेता घेता त्यांच्या गप्पा कानावर पडायच्या. समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग वाळूवरून पळायचं. मला वाटायचं, अरे, हे तर मला पण येईल. आईचं माहेर बन्नूर. सुट्टीत मामाकडे गेले की दिवसभर कालव्यात. काठावरच्या बायका ओरडायच्या, "पोरीच्या जातीला हे शोभतं का!" मी आणखी लांब जायची. सायकल तर दुकानाच्या कामाला रोजचीच. लग्न मोडून परत आले, त्यानंतर दिवसभर मशीनवर बसून अंग लाकूड व्हायला लागलं होतं. पहाटे उठून चामुंडीचा डोंगर सायकलीवर चढायला लागले. क्लबातली माणसं चकचकीत सायकलींवरून माझ्या पुढे निघून जायची. एखादा हात करायचा. "टेलर, गुड मॉर्निंग!" मला तेवढ्यानेच बरं वाटायचं. काय लाज म्हणावी ही, पण वाटायचं.

आता सुटाचं सांगते.

आप्पांचा एक नियम आहे. त्यांच्या वडिलांपासूनचा. गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड, तळहाताएवढं असलं तरी, कपड्याबरोबर परत द्यायचं. चिंध्या सुद्धा पिशवीत भरून. शिंपी कापड मारतो असं जग म्हणतं ना, म्हणून. क्लबाचे सूट दिले तेव्हा आप्पांनी चिंध्यांची पिशवी फळीवर ठेवली. मॅडमनी ती दोन बोटांनी मागे सारली. "अहो, हा कचरा मला कशाला? ठेवा तुम्हालाच."

मी तिथे होते. आप्पा तिथे होते. दोघांनीही ऐकलं.

त्या कचऱ्यातून मी माझा सूट काढला. कुठे काखेखालचा तुकडा, कुठे गळ्याचा, कुठे मांडीचा निमुळता भाग. जोडावर जोड. पाठीवर तर जोडांचं जाळंच झालं. पण रंग तोच. आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःलाच ओळखू येईना. स्पर्धेत नाव मी माझं मीच दिलं, क्लबातून नाही. तरी मला वाटलं, हा रंग अंगावर दिसला की मॅडम म्हणतील, "अगं, तू पण? ये ना, फोटोत ये." आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतली मी. साहेबाच्या कोटाने कुणी साहेब होत नाही, हे शिंप्याच्या पोरीला कुणी सांगायला लागतं होय? पण मीच फसले.

आप्पा तिथे कसे, तर क्लबानेच त्यांना आणलं होतं. ऐन वेळी कुणाच्या सुटाची चेन तुटली, शिवण उसवली तर हाताशी शिंपी असावा म्हणून. हातमशीन घेऊन ते तंबूच्या सावलीला बसले होते. म्हण ऐकून उठले आणि वाळूत पाय ओढत आले. मला वाटलं, आता आप्पा बोलतील. मॅडम, पिशवी तुम्हीच मागे सारलीत, मी होतो तिथे. एवढंच बोलायचं होतं.

आप्पांनी हात जोडले.

"चुकलं मॅडम. पोर आहे. माफ करा."

पोर! माझे केस पिकायला लागलेत.

"आप्पा, त्या ठेवा म्हणाल्या होत्या. तुम्ही ऐकलंत ना?"

"सुम्मने इरु," आप्पा दातांतल्या दातांत म्हणाले. मग मराठीत, "गप बस म्हणतो ना! जा, बदलून ये."

म्हण झोंबली होती, पण ती परक्याची होती. हे घरचं होतं. माझ्या बापाने भर समुद्रकाठी मला चोर ठरवलं. आणि मॅडम मोठ्या मनाने म्हणाल्या, "जाऊ दे हो, आप्पा. फक्त आमच्या रंगात नको."

मी कपडे बदलायच्या तंबूत गेले. सूट उतरवला. सलवार खुंटीला होती, हातात घेतली. घालणारच होते, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांची सवय. गिऱ्हाईक ओरडलं की आपण बदलून द्यायचं. तेवढ्यात उतरवलेला सूट दिसला, उलटा झालेला. आतली बाजू वर. सगळे जोड उघडे पडलेले. बोटभर, चार बोटं, तळहाताएवढे तुकडे. धाग्यांच्या गाठी. ज्याला डोळे आहेत त्याला एका नजरेत कळावं की हे कापड ताग्यातून कापलेलं नाही, केरातून वेचलेलं आहे.

माझं डोकं फिरलं. सलवार परत खुंटीला लावली. सूट तसाच चढवला. उलटा.

बाहेर आले आणि मॅडमच्या समोर जाऊन पाठ केली. "बघा. हात लावून बघा. चोरी करणारी असली भिकार पाठ कशाला शिवेल?"

कुणी हात लावला नाही. मॅडम म्हणाल्या, "तमाशा नकोय सकाळी सकाळी." आणि घड्याळ बघत पाण्याकडे गेल्या. एक बाई फोनवर माझा फोटो काढत होती. आप्पा म्हणाले, "अय्यो, काय करून घेतलंस गं हे!"

भोंगा वाजला. मी पाण्यात शिरले.

इथे कुणाला वाटेल, मग मी सगळ्यांना मागे टाकलं असेल. नाही हो. कालव्याचं पाणी माणसाला पुढे नेतं. समुद्र परत ढकलतो, नाकातोंडात मीठ कोंबतो. मी हातपाय मारत राहिले आणि आहे तिथेच राहिले. बचावाची होडी बाजूला आली. त्यातला माणूस कन्नडात म्हणाला, "अक्का, या वर, पुरे झालं." मी बेडा म्हटलं, नको. पाण्यातून बाहेर आले तेव्हा सायकलींच्या जागी माझी एकटी सायकल उरली होती. पळायला लागले तेव्हा लोक परत निघाले होते. शेवटची कमान गाठली, तेव्हा पोरं तिच्यातली हवा काढत होती. वेळ संपली होती, माझं पूर्ण करणं त्यांच्या लेखी धरलं गेलं नाही. एक पोरगा पदकांची खोकी बांधत होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि परत बांधायला लागला.

आप्पांनी मशीन कधीच आवरून ठेवलं होतं. क्लबाच्या गाडीत आम्हाला जागा नाही म्हणाले. सायकल टपावर टाकून आम्ही साध्या बसने निघालो. घाट चढून झाला. मग आप्पा खिडकीकडे बघत म्हणाले, "ऐकलं होतं मी. ठेवा म्हणाल्या होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करायचं? ते गिऱ्हाईक. आपण शिंपी."

बस, एवढंच. मला रडू आलं नाही. राग आला. बापाचा आला, मॅडमचा आला, त्या मोरपंखी रंगाचा आला. सर्वांत जास्त माझा स्वतःचा आला.

क्लबाचं काम गेलं. गोष्ट कुवेंपुनगरात पसरली. परवा जुनं गिऱ्हाईक असलेली बाई ब्लाउज घ्यायला आली आणि हसत म्हणाली, "कापड सगळं आलं ना परत?" आप्पांचे हात लगेच जुळायला लागले. त्यांच्या तोंडून चुकलं निघायच्या आत मी पुढे झाले. ब्लाउज उलटा करून फळीवर पसरला. म्हटलं, "मोजून घ्या. आणि पुढचं दुसरीकडे शिवा." बाई तणतणत गेली. ती परत येणार नाही. अशा आणखी जातील. दुकान किती दिवस चालेल, सांगता येत नाही. आप्पा माझ्याशी धड बोलत नाहीत.

तो सूट मी दुकानात टांगलाय, उलटाच. आप्पा काढ म्हणाले, मी नाही म्हटलं. पुढच्या खेपेला मी परत त्याच समुद्रात उतरणार आहे, तोच सूट तसाच घालून. परत शेवटचीच येईन, मला माहीत आहे. परत हसतील. हसू देत.

आप्पांचे हात आता या वयात सुटायचे नाहीत. माझे मी जोडणार नाही.