चादरीपलीकडची शेजारीण

नव्या चादरीची घडी मोडली की सुताचा वास येतो आणि गल्लीनं गणपतीत बसवलेलं पेशवाईतलं नाटक आठवतं. दोन शेजारघरांमधली भिंत म्हणून दोरीवर सोलापुरी चादर टांगली होती. तिच्यावरून डोकावत मी मागणी घालायची आणि शेजारणीनं शेवटच्या अंकापर्यंत नकार द्यायचा. ते काम आमच्या खऱ्या शेजारच्या मुलीकडं होतं. पहिल्या रांगेत तिच्या वडिलांना बघून माझी चिकटवलेली मिशी घामानं सुटली. तरी मी विचारलं, "आमच्या घरी नांदायला याल?" ती पटकन म्हणाली, "व्हय की!" नाटक बसवणारे मास्तर विंगेतून ओरडले, "अगं, न्हाई म्हण! अजून दोन अंक हायत!" सगळ्यांत मोठ्यानं तिचे वडीलच हसले आणि माझा जीव भांड्यात पडला. ते राहिलेले नकार ती आता आमच्या घरात रोज देते.