लिंगराज सरांच्या तोंडचे शब्द

लिंगराज सर सोनपेठच्या किराणा दुकानदाराचे पोरगे. गळ्यात इष्टलिंग, अंगात बारा महिने इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि रोज एसटीनं मानवतला येणं. तिथं कापसाच्या आडतीवरच्या माडीत आमचं नर्सिंगचं विद्यालय भरायचं. विद्यालय म्हणजे तीन खोल्या, एका हाताचा सांगाडा आणि सर. बाकीचे मास्तर पगार थकला की गायब व्हायचे.

सर शब्द शिकवायचे. दवाखान्यातले ते शब्द आम्ही इंग्रजी समजायचो, पण मुळात ते ग्रीक. सर एक ग्रीक तुकडा धरायचे आणि त्याचं सगळं खानदान फळ्यावर मांडायचे.

"डिस् म्हंजे बिघडलेलं, अवघड झालेलं. दुष्काळातला आपला दुस् त्याचा चुलतभाऊच. आता परभणी जिल्ह्यात दुष्काळाचा अर्थ सांगू का?"

आम्ही हसायचो. मग डिसार्थ्रिया, म्हणजे बोलायला अवघड. डिस्फेजिया, गिळायला अवघड. डिस्प्निया, श्वास घ्यायला अवघड. "न्यूमोनियातला पहिला प मुका असतो," ते म्हणायचे, "पण डिस्प्नियात तोच बोलतो. पाठीशी कुणी असलं की तोंड उघडतो, तुमच्यासारखा."

हा शब्दांचा नाद त्यांना उगाच लागला नव्हता. तरुणपणी ते मोठ्या शहरात कॉलेजला गेले आणि भर वर्गात 'प्नुमोनिया' वाचलं. पुढं तीन वर्षं त्यांना कुणी लिंगराज म्हणालंच नाही, सगळे 'प्नु' म्हणायचे. ते पदवी घेऊन परत आले ते एकच हट्ट घेऊन. इथून निघालेल्या पोरीला कुठल्या डॉक्टरनं हसायचं नाही, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

माझे आईबाप ऊसतोडीला जाणारे. माझी इंग्रजी कशी असेल ते सांगायला नको. सर म्हणायचे, "पंकजा, पुस्तकावर भरवसा ठिवू नको. तिथं प लिहितेत आन् बोलत न्हाईत. माझ्या तोंडाकडं बघ." ते शब्द उच्चारणार, आम्ही अठ्ठावीस जणी पाढ्यासारखा तीनदा म्हणणार, आणि मग देवनागरीत वहीत उतरवणार. गुरूच्या तोंडून आलं ते प्रमाण. आमच्यात तसंच असतं, शंका काढणारी पोरगी आगाऊ ठरते.

आमच्या दुसऱ्या वर्षी सरांचा ड मऊ झाला. जीभ टाळूला पोचायच्या आधीच खाली यायची. 'डिस्' ऐवजी 'दिश' यायचं, पुढचे शब्दही एकमेकांना चिकटायचे. आमच्या पहिल्या वर्षाच्या वहीत 'डिस्' होतं. आम्ही ठरवलं की तेव्हा आम्हीच चुकीचं ऐकलं. आम्ही मन लावून 'दिश' घोकलं, अगदी तो 'श' थोडा ओला करून, सरांसारखा.

एका दुपारी सर पाणी पीत खिडकीशी उभे होते आणि आम्ही मागं म्हणत होतो: दिशफेझिया, दिशफेझिया, दिशफेझिया. सर वळले. एवढा राग मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

"कुणी शिकवलं हे?"

मी पहिल्या बाकावर होते.

"सर, तुमीच."

त्यांनी पुन्हा शब्द म्हणून पाहिला. एकदा, मग दातांवर बोट ठेवून हळू. अठ्ठावीस जणींनी इमानदारीनं तोच तसाच मागं म्हटला. सर खुर्चीवर बसले आणि तास सुटला.

परभणीचे दवाखाने झाले, नांदेडचे झाले. स्नायू हलवणाऱ्या नसा झिजत होत्या, त्यावर औषध नव्हतं. आधी जीभ जाणार, मग घसा, मग श्वास. डॉक्टरांच्या कागदावर ते तिन्ही शब्द होते, सर फळ्यावर लिहायचे त्याच क्रमानं. त्यांच्या पत्नी महेश्वरीकाकूंनी अर्थ विचारला तेव्हा त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

तरीही ते महिनाभर आले, आमची जीभ वळवायला. मोबाईलमधल्या बाईच्या आवाजात शब्द लावून दाखवायचे, हातानं टेबल ठोकायचे. बाईचा आवाज ऐकून पोरी खुदखुदायच्या. मी पण हसले, खोटं कशाला बोलू. दिवाळीनंतर सर आलेच नाहीत, आणि त्यांच्या जागी कुणीही आलं नाही. आम्ही लेखी परीक्षा पास झालो. लेखी परीक्षेला उच्चार लागत नाही.

पुढच्या साली मी परभणीत एका खासगी दवाखान्यात लागले आणि माझ्याच वॉर्डात सर आले. नाकात नळी, अंगाची काडी. बोलणं संपलं होतं, पण कान शाबूत होते. मी त्यांना म्हटलं, "सर, मी आता नीट म्हणते." रोज रात्री खोलीवर आरशासमोर मी 'डिस्' घोकत होते आणि एकटीला ते येतही होतं.

सकाळी राऊंडला नवे डॉक्टर आले, सोबत दोन शिकाऊ पोरं. "सिस्टर, नळी कशासाठी घातलीय?"

मी घाबरले. घाबरल्यावर माणसाच्या तोंडी वर्गात घोकलेलंच येतं.

"दिशफेझिया, सर."

डॉक्टर हसले. शिकाऊ पोरांपैकी एकानं ते तसंच ओलं करून म्हणून दाखवलं, मग तिघंही हसले.

खाटेवरून घुर्र असा आवाज आला. सरांचे ओठ हलत होते, हात अर्धा उठला होता, आणि बोट दातांकडं निघालं होतं. ते काय करत होते हे त्या खोलीत मला एकटीला कळत होतं.

"लाळ अडकलीय, सक्शन करा," डॉक्टर म्हणाले. मग जाता जाता वळले. "कुणी शिकवलं हो हे तुम्हाला?"

हाच सवाल सरांनी एकदा वर्गात विचारला होता आणि तेव्हा मी खरं बोलले होते. महेश्वरीकाकू उशाशी उभ्या होत्या. सर माझ्याकडं बघत होते.

"कुणी न्हाई, सर," मी म्हणाले. "माझं मीच शिकले."

सरांचा हात खाली आला. मी सक्शनची नळी त्यांच्या तोंडात घातली आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.