पाठमोरे सर

आमच्या शाळेत नव्यानं आलेला पालक 'पाठमोरे सर कुठं बसतात' म्हणून विचारतो, तेव्हा त्या बिचाऱ्याला ते आडनावच वाटत असतं. ते नाव पोरांनी पाडलेलं आहे. खरं नाव बुद्धभूषण खरात. संगणक शिकवतात. संगणकाच्या खोलीत कुणी पासवर्ड टाकायला बसलं की हा माणूस खुर्चीवरून उठतो, भिंतीकडं तोंड करून उभा राहतो आणि 'झालं सर' असं ऐकू आल्याशिवाय वळत नाही. त्या भिंतीवर बघण्यासारखं काही नाही. पोपडे आलेला रंग आहे आणि बंद पडलेलं एक बटणांचं खोकं आहे. दहावीच्या निकालानंतर अर्ज भरायचे दिवस आले की सर दिवसातून पन्नासदा तरी ते खोकं बघतात.

मी त्याच शाळेत मराठी शिकवते. उषाबाई म्हणतात मला. मी संगणकाच्या खोलीत बसते ती ज्ञानासाठी नव्हे. शिक्षकांच्या खोलीतला पंखा नुसता फिरतो, वारा देत नाही, म्हणून. तिथं बसून मी पेपर तपासते आणि खरात सरांची थट्टा करते. एकदा बँकेचं ॲप चालू करून द्या म्हणून मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी सगळं केलं आणि पिन टाकायची वेळ आली तसा मोबाइल माझ्या हातात देऊन ते भिंतीकडं वळले. म्हटलं, सर, टाका की तुम्हीच, माझं काय सोनं पडलंय त्यात? ते वळेनात. चार आकडे टाकायला मला पाऊण तास लागला आणि संध्याकाळपर्यंत मी ते विसरून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊण तास.

आमची शाळा मंठ्यापासून अकरा किलोमीटरवर. खोलीत बारा संगणक आहेत, त्यातले सात चालतात. सरांच्या बायकोनं जुन्या पडद्याचे अभ्रे शिवून दिलेत, ते सर रोज सकाळी काढून घडी घालतात. वडील जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलवर भट्टीपुढं होते. पोरगं शिकलं, जालन्यातच मस्तगडात कापडाच्या दुकानावरच्या खोलीत संगणकाचा क्लास केला, पुढं तिथंच शिकवलं आणि चौदा वर्षांपूर्वी आमच्याकडं आलं. बोलणं कमी. मात्र शिकवायला लागले की खिडकीबाहेरची पोरंसुद्धा ऐकत उभी राहतात.

ते पोरांना घाबरवत नाहीत. मोबाइल वाईट, मोबाइलनं पिढी बिघडली, असली कीर्तनं आमचे मुख्याध्यापक करतात. सर विचारतात, काल कुणाला कसला मेसेज आला? मग एकेक निघतं. कुणाच्या चुलत्याला लॉटरी लागलेली असते, कुणाच्या मामाचं वीज कनेक्शन आज रात्री तुटणार असतं. सर ते फळ्यावर लिहितात आणि पोरांना खोट शोधायला लावतात. आठवीतली पोरंही आता सांगतात की घाई करतो तो मेसेज चोराचा. दुसऱ्याचा फोटो पुढं पाठवण्याआधी तो आपल्या बहिणीचा असता तर, एवढं मनात म्हणायचं. आणि कुणी फोटोवरून धमकी देत असेल तर ज्याच्याकडं मूल रडत येतं त्यानं 'कामून पाठवला' हे विचारायचंच नाही. आधी म्हणायचं, मी आहे. मग सायबर गुन्ह्यांच्या मदतीच्या नंबराला, १९३० ला, फोन लावायचा. हे त्यांनी पालकसभेत सांगितलं तेव्हा दोन आया मधूनच उठून बाहेर गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच दोघी दाराशी उभ्या होत्या. सर त्यांच्याशी काय बोलले ते मला माहीत नाही आणि त्यांनी कधी सांगितलंही नाही.

एकदा त्यांनी शाळेच्या ग्रुपवर एक लिंक टाकली. शिक्षकांना मोफत लॅपटॉप, फक्त आज. लिंक दाबली की सरांचाच फोटो यायचा आणि खाली लिहिलेलं, 'फसलात.' पहिले फसले मुख्याध्यापक. दुसरी मी. आदल्याच आठवड्यात मी नवऱ्याला या विषयावर तासभर व्याख्यान दिलेलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तर असा हा माणूस. त्याच्याबद्दल मला सगळं कळलंय असं मी धरून चालले होते. यंदाच्या जूनमध्ये तातेराव आले तोवर.

तातेराव गावातले बागायतदार. त्यांची धाकटी प्रिया यंदा दहावीला शाळेत पहिली आली. तिनं डिप्लोमाचा अर्ज भरला आणि पहिल्या पसंतीला संभाजीनगरचं सरकारी कॉलेज टाकलं, दुसऱ्याला जालन्याचं. पसंतीक्रम पक्का करायची शेवटची तारीख शनिवार होती. तातेराव गुरुवारी आले. मी कोपऱ्यात पेपर तपासत होते. मला त्यांनी नमस्कार केला आणि मग मी खोलीत नाहीच असं धरून बोलायला सुरुवात केली. पोरीची जात, हॉस्टेल, रोज जिवाला घोर. जालन्याचं वर घ्यावं आणि संभाजीनगर खाली टाकावं. पोरीला सांगायची गरज नाही.

सर म्हणाले, पासवर्ड तिचा तिच्याकडं आहे, माझ्याकडं नाही. तातेरावांनी खिशातून मोबाइल काढला. "मंग ह्याच्यावर मेसेज कामून येऊन न्हाई राह्यले?" सरांनी सांगितलं की प्रियानं अर्जाला नंबर मोठ्या बहिणीचा, मीनाचा दिलाय. ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो त्याच्या हातात अर्जाची किल्ली, हे सरांनीच वर्गात शिकवलेलं. तातेरावांनी मोबाइल परत खिशात घातला. उठताना म्हणाले, "मागच्या बारीला मीनाच्या अर्जाचं तुम्हीच केल्तं की बराबर. ते आपल्या दोघांतच हाय. असू द्या. मीनालाच बोलावतो शनिवारी. ती न्हाई म्हणणार न्हाई."

ते गेल्यावर सर बराच वेळ माऊस इकडून तिकडं हलवत बसले. संगणक बंदच होता. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, काय केल्तं?

त्यांनी सांगितलं. दहा वर्षांपूर्वी सगळ्या पोरांचे अर्ज सर स्वतः भरायचे आणि सगळ्यांचे पासवर्ड एका रजिस्टरात लिहून ठेवायचे. नाव आणि पुढं एक-दोन-तीन. पोरांना त्रास नको म्हणून. गावात त्याला विश्वास म्हणत, आणि सरांनाही त्याचा अभिमान होता. मीनानं तेव्हाचं औरंगाबाद पहिलं टाकलं होतं. तातेराव आले, हेच सगळं बोलले. बापाचा शब्द, म्हणून सरांनी रजिस्टर उघडलं, वरचं खाली केलं, खालचं वर. दोन मिनिटंही लागली नाहीत. यादी लागली तेव्हा मीना धावत आली होती. सर म्हणाले, औरंगाबादला नंबर लागला नाही. शब्दशः पाहिलं तर ते खोटं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात औरंगाबादच्या कॉलेजात प्रवेश मिळालेल्यांची यादी आली. शेवटच्या मुलीला मीनापेक्षा पाच टक्के कमी होते. सरांनी त्या पानाची प्रिंट काढली आणि रजिस्टर शाळेमागं नेऊन फाडलं. मीना जालन्याला वर्षभर एसटीनं गेली-आली. दुसऱ्या वर्षी स्थळ आलं. आता नवऱ्यासोबत जालन्यात राहते, एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगला जाते. सात वर्षांची मुलगी आहे.

मला सरांचा राग आला. दहा वर्षं मी ज्याची थट्टा केली ती त्यांनी स्वतःला लावून घेतलेली शिक्षा होती, हे कळूनही तो कमी झाला नाही. बाप तर बाप, पण ज्याच्याकडं पोरगी विश्वासानं आली त्यानं असं करावं? मी तसं तोंडावर बोलले. सर म्हणाले, बराबर आहे. म्हटलं, मग मीनाला सांगा. त्यावर ते म्हणाले की सांगितलं तर उद्या गाव म्हणेल, सरच पोरींचे अर्ज बदलतात. आज ज्या पोरी रडत येतात त्या यायच्या बंद होतील. हे अगदीच खोटं नव्हतं. पण माणसाला तोंड लपवायचं असलं की खरी कारणंही भरपूर सापडतात, हेही मी बोलून दाखवलं. शुक्रवारी आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

शनिवारी मीना अर्धा दिवस बुडवून आली. कंपनीचा निळा कोट पिशवीत कोंबलेला दिसत होता. सोबत प्रिया, रडून डोळे सुजलेले. मीनानं मला वाकून नमस्कार केला, सरांना केला. मग खुर्चीवर बसून समजूतदारपणे बोलायला लागली. आबांचं, म्हणजे तातेरावांचं, म्हणणं तिला पटलं होतं. बापाच्या धाकानं ती बोलत नव्हती, आणि तेच मला ऐकवेना. ती म्हणाली, "मला तवा लई वाटायचं सर, आपण मोठ्या कॉलेजात जाऊ. नंबर न्हाई लागला तर इतकी लाज वाटली की वर्षभर मैत्रिणीच्या घरी गेले न्हाई. आमच्या घरात तेवढं डोकंच न्हाई. हिला तसं व्हायला नको. जवळचंच टाकू वर."

प्रिया खाली बघत होती. तिचा हात कीबोर्डवर होता. ताई म्हणेल तसं ती करणार, हे दिसत होतं. सरांनी एक शब्दही बोलायची गरज नव्हती. भिंतीकडं वळून उभं राहिलं असतं तरी सगळं रीतसर झालं असतं.

सर उठले. भिंतीकडं न जाता कपाटाकडं गेले. वरच्या कप्प्यातून एक फाईल काढली, फाईलीतून पिवळा पडलेला कागद काढला आणि मीनापुढं ठेवला. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. स्वतःची बाजू मांडली नाही. तातेरावांचं नावसुद्धा एकदाच घेतलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही शेवटची मुलगी. हिला शहाऐंशी टक्के. तुला एक्क्याण्णव होते."

मीनानं कागद दोनदा वाचला. बोट टेकवून, वरून खालपर्यंत. बाहेर मैदानात कबड्डीचा आवाज चालू होता. मग ती म्हणाली, "म्हंजे मला लागला असता."

"हो."

"आबांचं मला कळतं सर. ते बाप हायेत, त्यांना भ्या वाटलं. तुम्ही मला एकदा इचारलं कामून न्हाई?"

  मला वाटलं ती ओरडेल, कागद फेकेल. मी असते तर फेकला असता. तिनं तो नीट टेबलावर ठेवला आणि बहिणीला म्हणाली की तुला जे टाकायचं ते टाक, मी त्यात पडणार नाही. प्रियानं पासवर्ड टाकला. मीनाच्या मोबाइलवर ओटीपी आल्याचा आवाज झाला. मीनानं पडद्याकडं न बघता मोबाइल बहिणीच्या हातात दिला आणि सरांच्या शेजारी जाऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मग मीही पेपर बाजूला ठेवले आणि वळले. आम्ही तिघं ते बंद पडलेलं खोकं बघत होतो. मला त्या वेळी रडू येत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

"झालं," प्रिया म्हणाली. तिनं काय टाकलं हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

मीनानं पिशवी उचलली. जाताना तिनं मला नमस्कार केला. सरांना केला नाही. दारापर्यंत गेली, थांबली, परत आली आणि टेबलावरच्या कागदावर हात ठेवला.

"हा मी नेते सर."

"आबांना दाखवायला?" मी विचारलं.

"न्हाई बाई. माझ्या पोरीला. तिला मी आजपर्यंत सांगत आले, तुझ्या आईला मार्क कमी पडले म्हणून."