कपाळावरचा हात

आमच्या कामावर सगळे त्यांना थांबकाका म्हणायचे. बावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नाही. मी खोदाईच्या मशीनवर आणि ते मशीनच्या पुढे, पायी. पाइपलाइन जिथून जाणार तिथली माती मी बिनदातांच्या बकेटने चार-चार बोटं खरवडायची, काकांनी उघड्या पडलेल्या मातीकडे बघत राहायचं, आणि रंग जरा बदलला की हात उंच करायचा. हात दिसला की मी थांबायचं. मग पुरातत्त्व खात्याच्या बाई थापी-कुंचला घेऊन उकरायला यायच्या. कधी जुनी चूल निघायची, कधी फुटकं मडकं, क्वचित एखादी कबर. निम्म्या वेळा झाडाची कुजलेली मुळं निघायची आणि मी वर बसून चडफडायचो.

"काका, मुळं आहेत ती. मला इथून दिसतायत."

"तुला सगळंच वरून दिसतं. खाली उतरून बघ कधीतरी."

माणूस तिरसट होता. आपल्या नजरेखालून एकही वस्तू मोडून गेली नाही, हे दर आठवड्याला ऐकवायचे. मी कंटाळायचो, तरी मनातून मला त्यांचा अभिमान वाटायचा.

मग त्यांची नजर जायला लागली. हे फक्त मला माहीत होतं. सकाळी मी त्यांना घरून गाडीत घ्यायचो, तेव्हा जिन्याची शेवटची पायरी ते पायाने चाचपायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही. मुलीलाही त्यांनी कळू दिलं नव्हतं.

"घरी बसवतील रे मला," ते म्हणाले. "दोन खोल्यांत पोरीच्या शिलाई मशीनची खटखट ऐकत बसू? त्यापेक्षा याच चरात गाड मला."

कुणाला सांगणार नाही, असा मी शब्द दिला.

उन्हात त्यांना दिसेनासं झालं. सारखा हात कपाळावर धरायचे. मला वाटायचं, थांब म्हणतायत. मी थांबायचो, दिवसातून वीस-वीस वेळा. पाइपलाइनचे साहेब माझ्या डोक्यावर बसले होते. शेवटी मीच वैतागून म्हणालो, "काका, एकदाचं ठरवून टाकू. कपाळावरचा हात मोजायचा नाही. पक्कं दिसलं तरच सरळ वर."

काकांनी हात कपाळावरून खाली घेतला. मग म्हणाले, "बरं."

काम सपाट्याने पुढे सरकलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मलाही स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

नवव्या दिवशी दुपारी काकांचा हात कपाळावर गेला आणि तिथेच राहिला. मी पाहिला. नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिलाय, हेही पाहिलं. आणि बकेट ओढली.

लहान मुलाची कबर होती. कमरेखालचं सगळं बकेटमध्ये आलं होतं. जमिनीत उरलं होतं एवढंसं डोकं, बरगड्या आणि गळ्याशी मातीचे मणी. बाई गुडघ्यांवर बसल्या, मण्यांवरची माती कुंचल्याने झाडली. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हात वर होता का?"

उत्तर काकांनीच दिलं. "नव्हता. मला दिसलं नाही. माझी नजर गेलीय, चार महिने झाले."

मी मूग गिळून बसलो. आजही त्याची लाज वाटते.

पुढचे तीन दिवस काका बकेटमधली माती चाळत होते. मान वर आणि बोटं चाळणीत. नखाएवढी हाडं त्यांनी नुसत्या स्पर्शाने वेगळी केली. डावं पाऊल मात्र मिळालं नाही. चौथ्या दिवशी त्यांना घरी पाठवलं. आठवड्याभरात पाइप पडला, चर बुजला.

त्यांच्याकडे जायची हिंमत करायला मला दीड महिना लागला. काका खिडकीपाशी खुर्चीत होते, मुलगी जमिनीवर कापड बेतत होती. त्यांनी मला पावलांवरून ओळखलं.

"पाऊल मिळालं का रे?"

"नाही काका."

मुलगी पाणी आणायला आत गेली. मी घाईघाईने म्हणालो, "बाईंना खरं का नाही सांगितलंत? तुमचा हात कपाळावर होता. मी पाहिला होता."

"तो मोजायचा नाही, असं ठरलं होतं ना आपलं."

"पण तुम्हाला दिसलं होतं?"

"जरा काळपट वाटलं. पक्कं नव्हतं." ते खिडकीकडे तोंड करून बोलत होते. "बावीस वर्षांत मला पक्कं कधी दिसलं रे? नुसती शंका आली की हात वर करायचो. म्हणून तर एवढी मुळं निघायची."

ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. मुलगी पेला घेऊन आली, माझा चेहरा बघून थबकली.

"काय झालं?"

"काही नाही," काका म्हणाले. "मुळांचं बोलत होतो."